न वाचलेले अकरा सेकंद

बाभुळगावात कापूस आल्याची पहिली खबर रस्त्यावरून येत नाही, कॉम्प्युटरच्या पंख्यातून येते. मागच्या आठवड्यात जुन्या कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्रा काढला, तेव्हा पंख्याच्या पात्यांवर पांढरा थर बसलेला होता. जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, घरापासून फार लांब नाही. तिथून उडालेला धागा बाभळीच्या काट्यांवर, विजेच्या तारांवर, दोरीवरच्या टॉवेलवर बसतो आणि खिडकीच्या जाळीतून आतही येतो. रंगकामाच्या ब्रशने तो झाडला. हे काम दर हंगामात होतं, पण त्यातला एकच हंगाम नीट आठवतो. नीट म्हणजे तपशिलासह. त्याचा अर्थ लागला आहे, असं नाही.

तो तीन वर्षांपूर्वीचा हंगाम. सोयाबीन निघून गेलं होतं आणि रानात त्याचे खुंट उरले होते. तुरीवर पिवळी फुलं होती. दव वाळेपर्यंत वेचणाऱ्या बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहत, ऊन चढलं की ओटी बांधून कपाशीत शिरत. दुपारी गाव इतकं शांत होई की टेबलावर फिरणाऱ्या डिस्कचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू येई. वाचता येत असलं की एकसारखी घरघर. अडलं की तीनदा टक-टक, मग थांबणं, मग पुन्हा घरघर. पंधरा दिवस हा आवाज ऐकला. अजूनही दुपारी कुठं मोटर अडखळली की मान वळते.

बिघडलेल्या डिस्क वाचायचं हे काम मी शिकलो ते वर्तमानपत्राच्या यवतमाळच्या कचेरीत, बातमीदार असताना. जुनी छायाचित्रं तिथं डिस्कवर साठवलेली असत. काही वर्षांनी त्या डिस्क उघडेनाशा झाल्या आणि कुणालाच त्यांचं काही करता येईना. तेव्हा मुक्त स्रोत साधनांची ओळख झाली. ही साधनं कुणीही फुकट घ्यावीत, ती आतून कशी लिहिली आहेत ते वाचावं, हवं तर बदलावं. निवृत्तीनंतर कचेरीने मोडीत काढलेला कॉम्प्युटर आणि डिस्क वाचणारे तीन ड्राइव्ह घेऊन बाभुळगावला आलो. लोकांना कळलं. लग्नं, बारशी, शिक्षकांचे निरोपसमारंभ, भजनी मंडळं येऊ लागली. डिस्कला इथं सगळे कॅसेटच म्हणतात.

साधी कॉपी पहिल्या ओरखड्याशी अडते आणि सगळंच काम सोडून देते. डीडीरेस्क्यू नावाचं साधन तसं करत नाही. जे वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेला भाग ओलांडून पुढं जातं आणि ओलांडलेल्या प्रत्येक जागेची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं. त्या फाइलला नकाशा म्हणतात. नंतरच्या फेऱ्यांत ते त्या जागांवर परत येतं, दोन्ही कडांनी थोडं थोडं कुरतडतं, उलट दिशेनेही वाचून पाहतं. वीज गेली तरी नकाशा राहतो, वीज आली की काम तिथूनच पुढं सुरू होतं. कशाचं उत्तर मिळालं नाही याची इतकी प्रामाणिक नोंद बातमीदारीत क्वचितच ठेवली गेली. मीही ठेवली नाही.

निर्मला आली ती सीतादहीच्या दिवशी. पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. भावाच्या शेतातला तो कार्यक्रम उरकून ती सरळ इथं आली होती. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. वय चाळिशीच्या आतलं. ब्लाउजच्या खणात गुंडाळलेली डिस्क तिनं टेबलावर ठेवली.

"भाऊ, हे कॅसेट उघडून देता काय? माह्या लग्नाचं हाय."

"सगळं हवं की थोडं?"

"सगळं कायले? बाबाचं एक वाक्य पायजे."

वडील तिच्या लग्नानंतर सात महिन्यांनी गेले. त्यांच्या आवाजाची दुसरी कुठलीच नोंद नाही. पाठवणीच्या वेळी, ती गाडीत बसण्याआधी, ते तिच्याजवळ आले आणि बोलले. तिच्या म्हणण्यानुसार वाक्य असं होतं: "मन नाही लागलं त घरी येजो, माय." चार वर्षांनी ढाणकीचं सासर सोडून ती माहेरी आली ती या वाक्याच्या आधारावर. का आली ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिचा भाऊ गजानन त्या वेळी गाडीच्या दाराशीच उभा होता. त्याच्या म्हणण्यानुसार वडील म्हणाले होते: "आता मांगं वळून पाहू नको."

वाद जुनाच. त्या हंगामात तो पुन्हा निघाला, कारण गजानन घर पाडून नवं बांधणार होता. जुन्या घरात आईच्या खाटेशेजारी निर्मलाची खाट होती आणि तिला कुणी हरकत घेतली नव्हती. नव्या घराचा आराखडा तीन खोल्यांचा होता. तिच्यासाठी चौथी काढायची की नाही, असा प्रश्न. त्या घरात वारलेल्या माणसाचा शब्द मोडत नाहीत. तेव्हा भावाबहिणीने ठरवलं, डिस्कमध्ये वडील जे बोलले असतील ते धरायचं. पाया आखायला मिस्त्री पंधरा दिवसांनी येणार होता.

"दुसरी प्रत नाही का?"

"हाय न. सासरी."

"मागवता येईल?"

"भाऊ, म्या तिथून माही पेटी नाही मांगतली अजून."

डिस्क उन्हाकडे धरून पाहिली. नाव लिहिलेली बाजू नव्यासारखी होती. चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाचे पाच ठिपके होते, एकावर एक सुकलेले. दोन तांदूळ चिकटलेले होते. मधूनच गोल गोल ओरखडे गेले होते. याचा उलगडा निर्मलाने केला. दसऱ्याला त्यांच्या घरी विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर, सगळ्यांची पूजा होते. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला आईने, अनुसयाबाईंनी, त्या रांगेत ही डिस्क मांडली. चमकते ती दर्शनी बाजू, म्हणून ती वर. तेव्हापासून दर दसऱ्याला तिला कुंकू. स्वतःच्या कपाळाला मात्र त्या लावत नाहीत.

"बाजू उलटी आहे, हे कुणी सांगितलं नाही?"

"सांगतलं न. त म्हणे, पाठीले कोणी कुकू लावते काय?"

"आणि हे ओरखडे?"

तिनं ब्लाउजचा खण उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाली, "थे माहं काम. कुकू पुसाले गेली."

"कशानं पुसलं?"

"कापसानंच. आपल्याच वावरातला. सरकी काढून घेतली होती पहिले."

सरकी काढली होती, पण वाळक्या पानांचा चुरा राहिला होता. कापसासारख्या मऊ वस्तूने काही खरवडलं जाईल, ही शंका कापूस पिकवणाऱ्या घरात येणार कशी? कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, मधल्या छिद्रापासून काठाकडे सरळ रेषेत, गोल न फिरवता डिस्क पुसली. तांदूळ निघाले. कुंकू बरंचसं निघालं. पाचही जागी गुलाबी डाग मात्र राहिले, जणू रंग प्लॅस्टिकमध्ये उतरला होता.

डिस्क आत घातल्यावर दुसरीच गोष्ट दिसली. साडेचार जीबीची डिस्क, पण आतल्या फाइलींची बेरीज त्याच्या कित्येक पट होत होती. काही जागा मुद्दाम खराब करून ठेवलेल्या होत्या, कॉपी करायला गेलेला कॉम्प्युटर तिथं गोंधळून पडावा म्हणून. म्हणजे डिस्कला कुलूप होतं. शूटिंग करणारे प्रमोदभाऊ आता बसस्टँडजवळ बी-बियाण्याचं दुकान चालवतात. त्यांना जाऊन विचारलं.

"सर, त्या टायमाले लोक एक सीडी घेत आन् साऱ्या सोयऱ्याईले कॉपी मारून देत. आमी दोन दिवस खांद्यावर क्यामेरा घेऊन उन्हात, आन् कॉपी मारे जावई. मंग कुलूप नाही लावा त काय करा?"

"आत नेमकं काय टाकत होतात?"

"मी काहीच टाकत नव्हतो. सॉफ्टवेअरमध्ये एक डब्बा होता, त्याच्यात टिक मारत होतो."

"मूळ टेप?"

"त्याच टेपवर पुढचं लग्न. एकेका टेपवर पाच पाच लग्नं काढले, सर. पहिल्या चार नवऱ्या पाचवीच्या खाली दबल्या." ते स्वतःच हसले.

"आवाज मूळ ठेवत होतात?"

"कायचा आवाज? बायाईचा कालवा कोण आयकते? सगळ्यावर गाणे. एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत मधात जे राह्यलं ते राह्यलं."

निघताना त्यांना सांगितलं की कुलूप तोडावं लागेल. लग्न तिचं, वडील तिचे, चित्रण यांचं, कुलूप यांचं. परवानगी नक्की कुणाची लागते, हे कळत नव्हतं. त्यांनी युरियाच्या पोत्यावर हात आपटला. "तोडा न, सर. किल्ली त मलेच माहीत नाही."

चार दिवसांनी गजानन आला. कापसाची गाडी वजनकाट्यावर लावून आला होता, त्यामुळे केसांत, भुवयांत, खांद्यांवर धागे होते. तो खुर्चीवर न बसता ड्राइव्हकडे पाहत उभा राहिला.

"हे फुकटचं हाय म्हणते निर्मला."

"हो."

"कोणं बनवलं?"

"बऱ्याच लोकांनी. माझ्या ओळखीचं कुणी नाही."

"ओळख नाही, पैसा नाही, मंग त्याहीले काय पडलं आमच्या कॅसेटचं?" मग त्यानं मुद्द्याचं विचारलं. "याच्यात बोलणं बदलवता येते काय, सर?"

"येतं. मी करत नाही."

"पेपरवाले असंच म्हणतात."

जाताना दारात वळून म्हणाला, "मी तिले हाकलून नाही राह्यलो. लोकं तसंच समजतात. पण बाबा जे बोलले नाही, ते बोलले म्हणू नये. बस." या माणसाला खलनायक ठरवून वृत्तांत सोपा करता आला असता. तसा तो होत नव्हता. बाजू दोन होत्या आणि दोघांनाही वडीलच हवे होते.

पहिल्या ड्राइव्हने दोन दिवसांत बहुतेक भाग उचलला. नकाशात वाचलेल्या जागेपुढं अधिकचं चिन्ह येतं, न वाचता आलेल्या जागेपुढं वजाचं. वजा बरेच होते. त्यांतले काही प्रमोदभाऊंच्या कुलपाचे, तिथं मुळातच काही नव्हतं. काही अनुसयाबाईंच्या कुंकवाचे, तिथं काहीतरी होतं. साधनाला हा फरक कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही वजाच. कागद घेऊन बसलो, कुलपाची भोकं एका रंगात आणि कुंकवाची दुसऱ्या रंगात मांडायला. पाच ठिपक्यांची जागा फूटपट्टीने मोजली. कागद भरला, पण दोन रंग जिथं एकमेकांवर आले तिथं काय समजायचं ते ठरेना. वीज जाई. नकाशा तिथंच थांबून राही. बाहेर दुपार पांढरी झालेली असे, आणि रस्त्यानं कापूस भरलेल्या गाड्या दोन्ही बाजूंच्या झाडांना थोडं थोडं देत जात.

एखादी गोष्ट घडली की नाही, हे ठरवायला आयुष्यभर कागद मागितले. कागद असला की बातमी, नसला की अफवा. इथं कागदाच्या जागी एक प्लॅस्टिकची चकती होती. ती कुणी विकण्यासाठी बंद केली होती, कुणी पूजेसाठी झाकली होती, कुणी प्रेमानं खरवडली होती. तिघांनाही ती जपायचीच होती. अशा साक्षीदाराला किती विश्वासार्ह धरायचं, याचा नियम कचेरीत कुणी शिकवला नव्हता.

दुसऱ्या ड्राइव्हने आणखी थोडं दिलं. एकच डिस्क प्रत्येक ड्राइव्ह वेगळी वाचतो, जसे एकाच सभेचे तीन वार्ताहर तीन वृत्तांत आणतात. बाराव्या दिवशी चित्र चालू झालं. मांडव. बदामाच्या आकारात नवरीचा चेहरा. पाण्यातले दोन हंस, जे बाभुळगावात कुणी कधी पाहिले नाहीत. सगळ्यावर गाणी. लोकांचे ओठ हलत होते आणि गाणं दुसरंच काही म्हणत होतं. पाठवणी आली. एक गाणं संपलं आणि अचानक खरा आवाज आला. गाडीचा हॉर्न, बायांचं रडणं, कुणीतरी "पाणी आणा रे" म्हणालं. पांढऱ्या सदऱ्यातला, खांद्यावर दुपट्टा घेतलेला माणूस दोन पावलं पुढं आला. त्यानं तोंड उघडलं. पडद्यावर हिरवे चौकोन पसरले आणि आवाज तुटला.

अकरा सेकंदांनी चित्र परतलं तेव्हा दुसरं गाणं सुरू झालेलं होतं. तो माणूस गाडीच्या दारावर हात ठेवून उभा होता.

तिसऱ्या ड्राइव्हने त्या अकरा सेकंदांतलं एकच चित्र दिलं. दुपट्ट्याची किनार. आणखी काही नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री येणार होता, म्हणून मिळालं तेवढं घेऊन त्यांच्या घरी गेलो. सामान अर्धं अंगणात निघालं होतं. जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं गजाननने स्वतःच तीन खोल्या आखून ठेवल्या होत्या. कोंबड्या त्या रेषा ओलांडून जात-येत होत्या. लॅपटॉप खाटेवर ठेवला. अनुसयाबाई बाजूला बसून वातीसाठी कापूस साफ करत होत्या. न वाचलेल्या भागाबद्दल आधीच सांगितलं. तरीही चित्र तिथवर आलं की निर्मला आणि गजानन पुढं वाकत.

"आता बोलते पाय. आता," निर्मला म्हणाली.

हिरवे चौकोन. गाणं.

"मांगं घ्या, सर," गजानन म्हणाला.

पुन्हा हिरवे चौकोन. पुन्हा मागं. डिस्क चांगली होती तेव्हा हे वाक्य तिच्यात ऐकलं आहे, असं दोघंही शपथेवर सांगत होते. दोघंही वेगळं सांगत होते.

चौथ्या वेळी अनुसयाबाई मान वर न करता म्हणाल्या, "त्याहीच्या तोंडाकडे काय पाहून राह्यले? थे त मी बोलली होती."

कुणाला काही कळलं नाही. निर्मलाने विचारलं, "काय बोलली तू?"

"मन नाही लागलं त घरी येजो. मीच म्हटलं तुले."

"आन् बाबा?" गजानन म्हणाला.

"त्याहीले कुठं बोलता येत होतं? उभे होते नुसते."

"मंग 'मांगं वळून पाहू नको' कोणं म्हटलं?"

"मामानं म्हटलं असन तुह्या. नाही त तूच म्हटलं असशीन, तुले लय घाई होती गाडी सोडाची."

"माय, इतके साल झाले. तू काहून नाही सांगतलं?"

"मले कोणं इचारलं?" त्यांनी कापसातली काडी काढून बाजूला टाकली. "तुमी त त्या थाळीले इचारत होते."

चित्र मागं घेऊन पाहिलं. चौकोनांच्या आधी आणि नंतर, दोन्ही ठिकाणी निर्मलासमोर एक बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी होती. डोक्यावर पदर. आतापर्यंत तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं, मीही नाही. चौकोन येण्याआधी तिची मान दोनदा पुढं हलते. बोलताना मान तशी हलते. रडतानाही तशीच हलते. कचेरीत एवढ्यावर दुजोरा दिला नसता. इथं दुजोरा कुणी मागितला नाही. आई समोर बसून सांगत होती, आणि ज्या गोष्टीसाठी पंधरा दिवस भोकं मोजली ती खाटेच्या बाजूलाच बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ डिस्क परत द्यायला गेलो तेव्हा मिस्त्री आलेला होता. दोरी हातात घेऊन त्यानं विचारलं, "भाऊ, तीनच न?"

"चार," गजानन म्हणाला. मिस्त्रीनं आराखड्याकडे बोट दाखवलं, तेव्हा वैतागून म्हणाला, "सांगतलं न चार. मायचा शब्द हाय." मग स्वतःच फक्कीची पाटी उचलून आईच्या खोलीला लागून एक रेष ओढली. रेष वाकडी गेली. मिस्त्रीनं ती पायानं पुसून सरळ केली.

निर्मलाला आनंद होईल असं वाटलं होतं. ती अंगणात सामानाच्या ढिगाजवळ उभी होती. खोली मिळाली होती. वाक्यही तिचंच खरं ठरलं होतं. पण इतकी वर्षं ज्या आवाजात तिनं ते ऐकलं, तो आवाज आता कुणाचा, हे तिला ठरवता येत नव्हतं. ढाणकीच्या त्या चार वर्षांत तिनं ते किती वेळा ऐकलं असेल, आणि दर वेळी ते वडीलच म्हणाले असतील.

"बाबा मंग काहीच नाही बोलले काय?" तिनं विचारलं.

डिस्क पुढं केली. तिनं घेतली नाही. फाटकापर्यंत सोबत आली.

"भाऊ, त्या अकरा सेकंदातून अजून काही निघन काय?"

"एखाद्या वेगळ्या ड्राइव्हने कदाचित. सांगता येत नाही."

"मंग लावा."

मी रस्त्याला लागलो. ती मागून चपला वाजवत आली. "नका लावू, भाऊ," म्हणाली, आणि परत गेली.

आता ते घर उभं आहे. चौथ्या खोलीच्या खिडकीतून रस्त्यावरच्या कापसाच्या गाड्या दिसतात. प्रती दोन केल्या होत्या, एक भावाकडे, एक बहिणीकडे. त्या कुणी लावून पाहिल्या की नाही, माहीत नाही. मूळ डिस्क इथंच आहे, नकाशाही आहे. वजाच्या खुणा जिथं होत्या तिथंच आहेत. त्यांच्याकडे पाहताना अजूनही ठरत नाही की त्या कशाच्या खुणा आहेत. जे बोललं गेलं आणि पुसलं गेलं त्याच्या, की जे कधी बोललंच गेलं नाही त्याच्या. साधनाला फरक कळत नाही असं तेव्हा म्हटलं होतं. आता त्याला दोष देता येत नाही.

यवतमाळच्या एका जुन्या सहकाऱ्याने मागच्या महिन्यात एक जड, जुना ड्राइव्ह पाठवला आहे. इतरांना न वाचता आलेल्या डिस्क तो वाचतो, असं त्याचं म्हणणं. पंखा झाडून झाल्यावर तो जोडून ठेवला. आत काही घातलं नाही.

काल दुपारी निर्मलाचा फोन आला. मागे अंगणवाडीतल्या मुलांचा गलका होता. ड्राइव्हबद्दल तिला कुणी सांगितलं, ते तिनं सांगितलं नाही.

"भाऊ, लावलं काय थे?"

"नाही."

"बरं केलं."

पलीकडे कुणी लेकरू रडत होतं, त्याला तिनं उचलून घेतलं असावं, कारण रडणं जवळ आलं आणि थांबलं.

"मंग कधी लावता?" तिनं विचारलं.